साडेतीन ओहम

मी एकोणतीस वर्षं मुलींच्या मराठी शाळेत शास्त्र शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं माझ्या नवऱ्याने शनिवार पेठेत गाड्यांना टेप बसवायचं दुकान चालवलं. शास्त्र माझ्याकडे आणि आवाज ह्यांच्याकडे, अशी आमच्या घरातली वाटणी होती. जावई काय करतात असं कुणी विचारलं की माझी आई 'इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत' एवढंच सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायची. ह्यांना ते माहीत होतं. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मला मात्र वाटायचं, आणि वाटतं म्हणूनही राग यायचा.

दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि काम तिथेच करायचं. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात याबद्दल बाहेरगावच्या लोकांनी आम्हाला पुष्कळ हसून घेतलं आहे. हसोत बापडे. माझ्या संसारातले सगळ्यात चांगले तास त्या बंद दुकानात गेले. माझी शाळा सकाळची. सुटली की सदाशिव पेठेतल्या घरी जायचं, डबा भरायचा, स्कूटरला अडकवायचा आणि एकच्या सुमाराला दुकानात हजर व्हायचं. हे शटर अर्धं खाली ओढायचे. मी वाकून आत शिरायचे. मग जेवता जेवता हे सकाळच्या कामाची हकीकत सांगायचे आणि मी रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणितं मांडायचे. नवरा-बायको दुपारी कशाबद्दल बोलतात मला माहीत नाही. आम्ही रोधाबद्दल बोलायचो.

कॅसेटचे दिवस संपत आले होते तेव्हाची ही गोष्ट. लोकांना गाणं नुसतं ऐकू येऊन पुरेनासं झालं होतं, ते छातीत वाजायला हवं होतं. त्यासाठी गाडीच्या डिकीत सबवूफर बसायला लागले. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर. त्याला ताकद पुरवायला वेगळी पेटी लागते, ती म्हणजे अँप्लिफायर. हे त्याला 'अँप' म्हणायचे. एक अँप, एक सबवूफर इथवर सगळं सरळ होतं. पण लवकरच गिऱ्हाईकं एका अँपला दोन, तीन, चार सबवूफर लावून मागायला लागली आणि तिथून आमच्या पुठ्ठ्यावरच्या गणितांना खरा रंग चढला.

स्पीकर जोडायच्या दोन तऱ्हा. एकामागोमाग एक जोडायचे, ती एकसर जोडणी. सगळ्यांची टोकं शेजारी शेजारी बांधायची, ती समांतर. हे शब्द माझे, पुस्तकातले. हे पहिलीला 'माळ' म्हणायचे, गणपतीतल्या दिव्यांच्या माळेवरून, आणि दुसरीला 'शिडी'. माळेत रोधांची, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विजेच्या अडवणुकीची, बेरीज होते, हे कुणालाही पटतं. शिडी मात्र भल्याभल्यांना फसवते. शिडीत जितके स्पीकर वाढवाल तितका एकूण रोध कमी होतो. चार ओहमचे दोन लावले की दोन ओहम, चार लावले की एकच ओहम. गिऱ्हाइकाला वाटतं, विरोध कमी झाला म्हणजे चांगलंच की. पण मिठाईच्या दुकानाने एका खिडकीच्या जागी चार खिडक्या उघडल्या तर बाहेरची रांग खूश होते आणि आत भट्टीपाशी बसलेला माणूस मरतो. अँप हा तो भट्टीपाशी बसलेला माणूस. त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, दोन ओहमच्या खाली जाऊ नका. त्याच्या खाली गेलं की तो तापतो, आणि सीटखाली तापलेली पेटी हा थट्टेचा विषय नाही.

ही मिठाईच्या दुकानाची गोष्ट मी ह्यांना सांगितली होती. पुढे ती हे प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःची म्हणून सांगायला लागले. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग जुलैतल्या एका शनिवारी मी माती खाल्ली.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मी पोचले तेव्हा दुकानासमोर एक नवी कोरी गाडी उभी होती, डिकी उघडी होती आणि डिकीत चार ओहमचे दोन सबवूफर बसवून तयार होते. गाडीचे मालक कर्वेनगरचे, नीटनेटके, चौकस गृहस्थ. ह्यांचा बेत दोन्ही स्पीकर शिडीने जोडायचा होता. दोन ओहम झाले असते, अँपला चालणारे, अगदी काठावरचे. मालकांनी मला विचारलं, तुम्ही शास्त्राच्या शिक्षिका ना, यात धोका काही नाही ना? आता हे विचारायची गरज नव्हती, कारण शेजारी माझा नवरा उभा होता. पण विचारलं, आणि मला ते आवडलं.

मी बाकावरचा मीटर उचलला आणि एका स्पीकरच्या दोन टोकांना लावला. आकडा आला साडेतीन. दुसऱ्याला लावला. साडेतीन. मी मनात हिशेब केला. साडेतीनच्या निम्मे, पावणेदोन. दोनच्या खाली. आणि मी वर्गात फळ्यापाशी उभी राहून बोलते त्या आवाजात, रस्त्यावर, गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "हे चार ओहमचे नाहीतच. साडेतीनचे आहेत. तुम्हाला कुणीतरी बनावट माल दिलाय. हे जोडलेत तर अँप जळेल."

पेशवाईत साडेतीन शहाणे होते म्हणतात. त्या दुपारी शनिवार पेठेत आणखी एकाची भर पडली.

हे माझ्याकडे बघत होते. एक शब्द बोलतील असं मला वाटलं. ते फक्त "बरं" म्हणाले. पुण्यातल्या 'बरं'चे पंधरावीस अर्थ होतात, पण ह्या 'बरं'चा मला एकही अर्थ लागला नाही. मालकांनी डिकी लावली, 'बघतो मग' म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. आम्ही शटर अर्धं ओढलं आणि जेवलो. भेंडीची भाजी होती. ह्यांनी ती छान झाल्याचं सांगितलं.

सोमवारी मी डबा घेऊन गेले आणि विचारलं, आज काय काम होतं? म्हणाले, "नेहमीचंच." मंगळवारीही नेहमीचंच होतं. हे रुसले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायला हवं. रुसणं ह्यांच्या स्वभावातच नाही. पेपरातल्या बातम्या बोलायचे, माझ्या शाळेचं विचारायचे, मंडईत कारलं बरं मिळालं तर आणून ठेवायचे. पण कामाबद्दल एक अक्षर नाही. पुठ्ठे रिकामेच रद्दीत जायला लागले. कुणी आपल्यासमोरचं ताट काढून घेतलं तर माणूस भांडू तरी शकतो. इथे ताट होतं, त्यातला एकच पदार्थ वाढायचा बंद झाला होता, आणि तोच माझा आवडीचा होता.

माझं म्हणणं असं की मी बरोबर होते. बरोबर असलेल्या माणसाने माफी कशाला मागायची? हे म्हणणं मी पंधरा-वीस दिवस नेटाने टिकवलं. मग एका रविवारी माळ्यावरची ट्रंक आवरताना माझी बी.एस्सी.ची वही हाताला लागली. मी ती चाळत बसले, आपलं जुनं अक्षर किती सुरेख होतं हे बघायला, दुसरं काही नाही. आणि एका पानावर, त्याच सुरेख अक्षरात, खाली दोन रेघा मारून मीच लिहून ठेवलेलं सापडलं. साधा मीटर आपल्या आतल्या सेलचा सरळ प्रवाह सोडतो आणि स्पीकरमधल्या वेटोळ्यातल्या नुसत्या तारेचा रोध मोजतो. गाणं वाजताना प्रवाह सारखा उलटसुलट धावत असतो, आणि त्या धावत्या प्रवाहाला वेटोळं जास्त अडवतं. खोक्यावर छापलेला चारचा आकडा त्या वाजतानाच्या अडवणुकीचा असतो. म्हणजे चार ओहमचा चांगला, अस्सल स्पीकर मीटरवर साडेतीन दाखवणारच. चार दाखवला असता तरच संशय घ्यायला हवा होता.

तीस वर्षांपूर्वीच्या मुलीने मला उभं करून छडी मारावी तसं झालं. नववीला मी नुसता सरळ प्रवाह शिकवते. शिकवता शिकवता माझं स्वतःचंही शास्त्र नववीत येऊन थांबलं होतं, हे मला कळलं नव्हतं. आणि ज्याला मी रस्त्यात खोटं पाडलं, त्याने इतक्या वर्षांत शेकडो स्पीकरांना मीटर लावला होता. त्याला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं.

तर आता चूक कबूल करायची होती. ही गोष्ट शिक्षकांना किती जड जाते ते शिक्षकांच्या घरच्यांना विचारा. मी दर दुपारी स्कूटरवर वाक्य तयार करत जायचे. लक्ष्मी रोड ओलांडेपर्यंत ते छान जमलेलं असायचं. शटरखालून वाकून आत गेले की कणा ताठ व्हायचा आणि तोंडातून निघायचं, "आज आमटीत मीठ कमी पडलंय बहुतेक." श्रावण गेला, गणपती आले आणि गेले, दिवाळी झाली. मला ह्यांच्याकडून माझ्या दुपारी परत हव्या होत्या आणि त्यासाठी फक्त चार शब्द बोलायचे होते. ते चार शब्द पाच महिने माझ्या घशात बसून राहिले.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नांचे दिवस सुरू झाले. एका दुपारी दुकानासमोर पिवळ्या झेंडूच्या माळा घातलेली नवी जीप उभी दिसली. शहरात नव्यानेच सामील झालेल्या एका गावचे जमीनवाले पाटील होते. धाकट्या बहिणीचं लग्न होतं, आणि नवरीच्या गाडीत चार सबवूफर आणि एक अँप हवा, असा त्यांचा आग्रह होता. सोबत त्यांच्या आई आल्या होत्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसून त्या ह्यांच्या हातांवर पहारा ठेवत होत्या.

मला आत शिरताना दिसलं ते असं : जीपच्या मागच्या भागात चार स्पीकर बसलेले, आणि त्यांना गेलेल्या सगळ्या वायरी लाल. नुसत्या लाल. एकही काळी नाही. कुठल्याही गाडीत लाल वायर अधिकची आणि काळी वायर उण्याची, ह्यावर सगळा धंदा चालतो. मी चकित होऊन ह्यांच्याकडे बघितलं. उत्तर पाटलांच्या आईंनी दिलं.

"लगीनघराची गाडी हाय. काळी वायर न्हाय चालायची. म्या सांगितलं त्यांस्नी."

माझ्या जिभेवर आलं होतं की मग टायरही लाल रंगवून आणा. पण पाच महिन्यांत जिभेला थोडं वळण लागलं होतं. मी गप्प बसले. पाटलांनी माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं, कारण ते ओशाळून म्हणाले, "टायर भाईर असत्यात, त्ये चालत्यात म्हणती आई." जीपच्या मूळच्या सगळ्या वायरी काळ्याच आहेत आणि ज्या पेटीवर त्यांनी हौसेने झेंडू वाहिला होता तो अँपसुद्धा काळाच आहे, हे त्या माउलीच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आणून देऊ नकोस, असं ह्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं.

गिऱ्हाइकाला नाही म्हणणं ह्यांना कधीच जमलं नाही. त्यावरून मी ह्यांना जन्मभर टोचून बोलले आहे. पण डबा ठेवता ठेवता मी चोरट्या नजरेने काम तपासलं आणि गप्पच झाले. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज होता. वायर पत्र्याच्या भोकातून जिथे जात होती तिथे रबरी रिंग होती, म्हणजे पत्र्याची धार लागून तिचं कवच कापणार नाही. अर्थची वायर जिथे गाडीच्या अंगाला कसली होती तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं होतं. मेकॅनिक लोक 'अर्थ नीट दे' म्हणतात तेव्हा मला नेहमी मौज वाटते, आम्ही शाळेत आयुष्यभर तेच सांगत असतो. जोडणीही चोख होती. दोन-दोन स्पीकरांच्या माळा, आठ-आठ ओहमच्या, आणि त्या दोन माळा शेजारी शेजारी शिडीने. एकूण पुन्हा चार ओहम. चारही वाजणार आणि अँप थंड राहणार. आणि काळ्या वायरीच्या जागी काय केलं होतं, तर उण्याच्या प्रत्येक लाल वायरीला टोकाशी एक बारीक गाठ मारली होती. पाटलांच्या आईंना गाठी पसंत होत्या. लग्नात गाठ चांगलीच असते.

मग ह्यांनी एक पेन्सिल सेल आणि दोन वायरी काढल्या. हे मला माहीत होतं. सेलची अधिक बाजू जोडणीच्या अधिक टोकाला आणि उणे बाजू उणे टोकाला टेकवली की स्पीकरचा पडदा जरासा बाहेर येतो. चारातला एखादा उलटा लागला असेल तर तो आत जातो. असा एक उलटा स्पीकर बाकीच्यांचा आवाज खाऊन टाकतो. तीन ढकलत असतात, एक ओढत असतो, आणि मालक म्हणतो, एवढे स्पीकर बसवून दणका कुठाय? पण सेल छोटा आणि स्पीकर चार, म्हणून ते हलणं डोळ्यांना नीट दिसत नाही, हात ठेवावा लागतो. ह्यांनी पाटलांना दोन पडद्यांवर दोन हात ठेवायला सांगितलं. तिसऱ्यावर पाटलांच्या आईंचा हात, हिरव्या चुड्यासकट. चौथा राहिला. हे वळून मला म्हणाले, "तू चौथ्यावर ठेव."

पाच महिन्यांत कामातलं हे ह्यांचं मला पहिलं वाक्य होतं. मी वाकले आणि तळवा ठेवला.

ह्यांनी सेल टेकवला. पाटील म्हणाले, दोन्ही भाईर आले. त्यांच्या आई म्हणाल्या, आलं बगा भाईर, कोंबडीच्या पिलागत. माझ्या तळव्याखालचा पडदा आत गेला.

सगळे माझ्याकडे बघत होते. आत गेला म्हटलं तर मी पुन्हा, गिऱ्हाइकासमोर, ह्यांचं काम चुकलं म्हणणार होते. आणि बाहेर आला म्हटलं तर त्या मुलीच्या लग्नात चार स्पीकर लावून दोघांएवढाच आवाज येणार होता, आणि ह्यांचं नाव पाटलांच्या अख्ख्या गावात खराब होणार होतं. खोटं सांगत नाही, क्षणभर मी 'आला' म्हणायचं ठरवलंही होतं.

मी म्हणाले, "अहो, परत एकदा लावा."

ह्यांनी लावला. पडदा परत आत गेला.

"आत जातोय," मी हळूच म्हणाले.

"आत?" हे म्हणाले. मग त्यांनी वाकून चौथ्याच्या वायरी बघितल्या आणि चक्क हसले. "गाठ चुकीच्या वायरीला मारलीय मी. हा उलटा लागला होता, पाटील. ह्यासाठीच तपासायचं असतं." त्यांनी दोन टोकं सोडली, अदलाबदल करून कसली, गाठ सोडवून दुसऱ्या वायरीला मारली, आणि सेल पुन्हा टेकवला. माझ्या तळव्याला खालून हलकीशी थाप बसली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. पाटलांना काही वाटलं नाही, त्यांच्या आईंना तर काहीच नाही. उलट चूक सापडली म्हणून दोघंही खूश दिसले.

मी तिथे वाकलेलीच होते. माणूस चुकतो, हसतो, दोन टोकं बदलतो आणि पुढे जातो, हे माझ्यासमोर घडलं होतं. जे मला पाच महिन्यांत जमलं नाही ते ह्यांनी दोन मिनिटांत, परक्या माणसांसमोर करून दाखवलं होतं. मला एकदम ह्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी सरळ उभी राहिले आणि बोलून टाकलं.

"जुलैत मी त्या कर्वेनगरच्या गाडीपाशी साडेतीन ओहम म्हणाले ते माझं चुकलं होतं. स्पीकर चांगले होते. तुम्ही बरोबर होता."

पाटलांना काय कळलं देव जाणे. त्यांच्या आई स्टुलावर परत बसत म्हणाल्या, "हां. बोललेलं बरं असतंय." मग जीपमध्ये गाणं लागलं, दुकानाचं शटर थरथरलं, समोरच्या कापडवाल्याने दुपारच्या झोपेतून उठून आमच्याकडे असं काही बघितलं की पुण्यात त्याहून जास्त बोलावं लागत नाही. पाटील ह्यांचे दोन्ही हात धरून 'लग्नाला यायचंच' म्हणाले आणि माणसं गेली.

आम्ही शटर अर्धं ओढलं. डबा उघडला. मी विचारलं, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना, मीटर साडेतीनच दाखवतो ते? म्हणाले, हो. मग बोलला का नाहीत?

ह्यांनी हातातला पोळीचा तुकडा खाली ठेवला. "गाडीच्या मागच्या सीटवर त्यांची मुलगी बसली होती. तुझ्या शाळेच्या गणवेशात. काचेला काळी फिल्म होती, तुला दिसली नाही. तू मीटर उचललास तेव्हा ती वडिलांना म्हणाली, आमच्या बाईंचं कधी चुकत नाही. तिच्यासमोर मी काय बोलणार होतो?"

"आणि नंतर? पाच महिने? कामाचं एक अक्षर बोलला नाहीत माझ्याशी."

"कामाचं बोललो असतो तर ते निघालं असतं. निघालं असतं तर तुला मान्य करावं लागलं असतं. तुला नको होतं ते."

मला काय हवंय आणि काय नको हे ह्या माणसाला माझ्याआधी कसं कळतं, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. मी रडले. थोडी रागानेही रडले, कारण एवढं चांगलं वागायची काही गरज नसते. ह्यांनी एक पुठ्ठा ओढला, त्यावर दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं काम मांडलं, तीन सबवूफर, तिघांचा रोध वेगवेगळा, एक अँप. आणि विचारलं, हे कसं जोडावं? मी डोळे पुसले आणि म्हणाले की जोडू नये, रोध वेगवेगळे असले की एकावर जास्त भार येतो, तिन्ही सारखे आणायला सांगा. हे म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी हजेरी न घेताच फळ्यावर चार आणि साडेतीन असे दोन आकडे लिहिले. मी मुलींना सगळं सांगितलं. जुलैत एका गाडीपाशी मी कसा मीटर लावला, काय बोलले, ते कसं चूक होतं, आणि खरं काय आहे. ती मुलगी ह्याच वर्गात होती की दुसऱ्या कुठल्या, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी खिडकीकडे बघत बोलत होते. चाळीस मुली गप्प होत्या. माझ्या वर्गात गप्प बसायचीच पद्धत होती, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कधी स्वतःहून न बोलणारी.

"बाई, मला माहीत होतं," ती म्हणाली. "काका दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आले होते. त्यांनी बाबांना समजावून सांगितलं आणि आमच्या पार्किंगमध्येच स्पीकर जोडून दिले."

मी विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस?

"काका नको म्हणाले होते, बाई. म्हणाले, तू काही बोलू नकोस. त्या आपणहून सांगतील, तू फक्त थांब."

ती खाली बसली. पाच महिने ती तिसऱ्या बाकावर, रोज, माझ्या समोर थांबली होती.